माझ्या नावाचं लाल खोकं

"टीबी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फुप्फुसाचा. स्पुटम पॉझिटिव्ह आलंय."

त्यांनी माझा एक्स-रे खिडकीच्या उजेडासमोर धरला होता. स्वतःच्या बरगड्या मी पहिल्यांदाच बघत होते. उजव्या बाजूला वरती, जिथे काळं दिसायला हवं, तिथे पिंजलेला कापूस पसरावा तसं पांढरं काहीतरी होतं. भिवंडीत कापसाची तुसं सगळीकडे असतात. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यांच्या, खिडक्यांच्या जाळ्यांवर, विजेच्या तारांवर, चहाच्या टपरीच्या छपरावर. मला वाटलं, शेवटी ती माझ्या आतही शिरली.

स्पुटम म्हणजे खोकून काढलेला बेडका. तो काचेवर पसरतात, त्याला रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकातून बघतात. जंतू दिसले तर पॉझिटिव्ह. म्हणजे तुम्हाला रोग आहे, आणि तुमच्या खोकल्यातून तो दुसऱ्याला होऊ शकतो.

"घाबरायचं नाही," बाई म्हणाल्या. "गोळ्या पूर्ण घेतल्या तर हा बरा होतो. अर्ध्यात सोडल्या तर परत येतो, आणि परत आलेला या गोळ्यांना जुमानेलच असं नाही."

आज तुमच्यापैकी कुणाच्या हातात असाच रिपोर्ट असेल, तर बाईंचं हे वाक्य आधी पाठ करा. माझं सांगणं त्याच्यानंतर वाचा.

हे सगळं दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. माझं नाव सुवार्ता. तेव्हा मी भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोडाऊनमध्ये बिलिंगचं काम करत होते. पप्पांची कामतघरला एका गाळ्यात छोटी प्रेस होती. लग्नपत्रिका, लूमवाल्यांची बिलबुकं, दुकानांची पावतीपुस्तकं, असं काम असायचं. मशीन मोकळं असलं की पप्पा आमच्या मंडळीची पत्रकं छापायचे. मंडळी म्हणजे आम्ही काही ख्रिस्ती घरं. कुणी पप्पांसारखी नगरहून आलेली, कुणी अंबाडीकडची. दर रविवारी एका लूमच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही उपासनेला जमायचो.

मी पत्रकांवर वाढले. आमच्या पलंगाखाली ट्रंक नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. अननसाचा 'अ' कळायच्या आधी मला अनंतकाळाचा 'अ' कळला. कॉलेजात गेल्यावर मीच पत्रकं लिहायला लागले. दारूवर लिहिलं, हुंड्यावर लिहिलं, तराजूखाली चुंबक लावणाऱ्या दुकानदारांवर लिहिलं. पापाशी तडजोड नाही, हे माझ्या प्रत्येक पत्रकात कुठे ना कुठे असायचंच. ते मला आजही मान्य आहे. फक्त पाप कसलं रूप घेऊन दारात उभं राहतं, हे मला त्या वर्षी नीट समजलं.

सुरुवात साधी होती. खोकला. गोडाऊनमध्ये धूळ असतेच, म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग संध्याकाळी अंगात कसकस. मग पंजाबी ड्रेस सैल झाले. मम्मी म्हणाली, "डाएट चालू केलंस का?" एक दिवस बिलं करताना खोकले आणि रुमालावर लाल ठिपका दिसला. रुमाल मुठीत आवळून मी खुर्चीवरून उठले ती सरळ सरकारी दवाखान्यात गेले.

तिथे लहान प्लास्टिकची डबी दिली. एक नमुना तिथल्या तिथे, एक दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या चूळ भरून, आणि एक तो द्यायला गेल्यावर. थुंकी चालत नाही, छातीतून आलेलं लागतं. खोल श्वास घ्या आणि पोटातून खोका. उघड्यावर, माणसांपासून लांब. दवाखान्याच्या मागच्या भिंतीपाशी आम्ही चार-पाच जण हातात डब्या घेऊन, एकमेकांकडे पाठ करून खोकत होतो. त्यात एक लूमचा कारागीर होता. मला काही येईना तेव्हा तो वळून म्हणाला, "जोर से, दीदी. शरमाओगी तो बीमारी अंदरच बैठेगी."

रिपोर्ट आल्यावर बाईंनी मला डॉट्स सेंटरला पाठवलं. डॉट्स म्हणजे कुणाच्या तरी डोळ्यांसमोर गोळ्या गिळायच्या. घरी न्यायच्या नाहीत. आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार, यायचं आणि तिथेच तोंड उघडायचं. सेंटर म्हणजे एक खोली, एक कपाट, एक पाण्याचा माठ आणि नसीमा बाजी. बाजी म्हणजे ताई; त्या इथल्याच, भिवंडीतल्या निजामपुऱ्याच्या.

"नाव?"

"सुवार्ता."

"सुवार्ता? पेपरचं नाव हाय काय?"

"चांगली बातमी, असा अर्थ आहे."

"वा! आणि इथं कंची चांगली बातमी घेऊन आलीस?" त्या स्वतःच हसल्या. "बस, पेपर, बस."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी पेपर झाले.

बाजींनी कपाटातून एक लाल खोकं काढलं. पुठ्ठ्याचं, चपलांच्या खोक्याएवढं. त्याच्यावर जाड पेनाने माझं नाव लिहिलं आणि झाकण उघडून माझ्यापुढे केलं. आत गोळ्यांची पाकिटं ओळीने लावलेली होती, शेवटपर्यंत.

"हे तुझं. सहा महिन्यांचं सगळं यात हाय. यातली एक गोळी मी दुसऱ्याला देनार न्हाय, आणि तुझी एक पन उरू देनार न्हाय."

"किती पैसे?"

"पैसे?" बाजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी माठातल्या पाण्याचे पैसे विचारले.

"आणि मी आलेच नाही तर?"

"तर मी येनार तुझ्या घरी. चपला घालायला मला वेळ लागत न्हाय."

मी त्या खोक्याकडे बघत राहिले. अजून एकही गोळी माझ्या पोटात गेली नव्हती. मी कशी मुलगी आहे, नियमित येणार की पळ काढणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. तरी शेवटच्या दिवसाची शेवटची गोळीसुद्धा पहिल्याच दिवशी माझ्या नावाने बाजूला काढून ठेवली होती. आणि मी चुकले तर शोधायला कोण येणार, हेही ठरलेलं होतं.

कृपा हा शब्द मी किती पत्रकांत लिहिला असेल! मथळ्यात लिहिला, ठळक टायपात लिहिला. त्या खोलीत तो मला पुठ्ठ्याच्या खोक्यात दिसला. मी खोक्याच्या कडा दोन्ही हातांनी धरून मान खाली घातली. बाजींना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी पाणी दिलं, आणि पाण्याबरोबर पहिला डोस.

एका वेळी सात गोळ्या. त्यातली एक लाल, रिफाम्पिसिन. तिच्याने लघवी नारिंगी होते. कुणी आधी सांगितलं नाही तर माणूस रक्त समजून घाबरतो, म्हणून मी सांगून ठेवते. बाकीच्यांनी मळमळतं. पहिले काही आठवडे सेंटरमधून बाहेर पडलं की नाक्यापर्यंत जाईस्तोवर तोंडाला पाणी सुटायचं. मी रस्त्यात थांबायचे, भिंतीला हात लावायचे.

बुधवारी उठलं की पहिला विचार यायचा: आज नको. एका दिवसाने काय होतंय? तो आवाज फार समजूतदार असतो. पत्रकांतल्या सैतानाला शिंगं असतात, डोळे लाल असतात. हा मात्र मम्मीच्या आवाजात बोलायचा, "दमलीस गं, आज पडून राहा." मी त्याच्याशी वाद घालून बघितला. वादात तो नेहमी जिंकला. मग मी वाद सोडला. "प्रभू, मला सहा महिन्यांची ताकद नाही. सेंटरपर्यंत जाण्याएवढी दे," एवढंच म्हणायचे आणि चपला घालायचे. तेवढी मिळायची. पुढच्या डोसची ताकद आगाऊ कधीच मिळाली नाही.

बाकी शहाणपण साधंच होतं. मम्मी रोज दोन अंडी उकडून द्यायची. खिडकी उघडी ठेवायची, लूमचा आवाज कितीही येवो. तोंडाला रुमाल बांधायचा. बेडका राख घातलेल्या डब्यात टाकायचा. ताटवाटी वेगळी करायची काही गरज नसते. बाईंनी पप्पांना हे मुद्दाम बोलावून सांगितलं.

हळूहळू ताप गेला. मग खोकला गेला. ड्रेस पुन्हा अंगाला बसायला लागले. मी जिना न थांबता चढले, तेव्हा वरच्या पायरीवर बसून रडले. श्वास ही काय चीज आहे! इतकी वर्षं मी तो घेत होते आणि एकदाही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आणि इथेच दुसरी गोष्ट सुरू झाली.

आमच्या मंडळीत साक्ष देण्याची रीत आहे. उपासनेत कुणीही उठून सांगतं, देवाने माझ्यासाठी काय केलं. तिचा एक ठरलेला घाट असतो: अमुक दुःख होतं, प्रार्थना झाली, दुःख गेलं. मग सगळे "हालेलुया" म्हणतात. चालू असलेल्या दुखण्याची साक्ष कुणी देत नाही. ते विनंतीत येतं, "बहिणीसाठी प्रार्थना करा" म्हणून. साक्ष पूर्ण झालेल्या गोष्टीचीच. आणि साक्षीत डॉक्टर, गोळ्या यांचा उल्लेख कुणी करत नाही. देवाचा मान कमी होईल असं वाटतं.

वर्षातून एकदा आमची जागृती सभा असते. अंजूर फाट्याजवळ लग्नाचा हॉल घेतात. कशेळी, वळ, अंबाडी, सगळीकडून टेम्पो भरून माणसं येतात. माझा रंग बदललेला बघून पास्टर एका रविवारी म्हणाले, "सुवार्ता बेटी, या वर्षी मुख्य साक्ष तुझी."

मला आनंद झाला. मी बरी होतच होते. दोन महिने पूर्ण होत आले होते. तेव्हा पुन्हा स्पुटम तपासतात आणि बहुतेकांचं निगेटिव्ह येतं, असं बाई म्हणाल्या होत्या. मी होकार दिला.

पप्पांनी वाट बघितली नाही. माझा पासपोर्ट फोटो घेतला, छपाईसाठी त्याचा ब्लॉक करून आणला, आणि पत्रक छापून टाकलं. एका बाजूला छापलेलं, पिवळ्या कागदावर. वर मोठ्या टायपात, 'क्षयरोगातून पूर्ण मुक्त!' खाली माझा चेहरा. गठ्ठे सुतळीने बांधून गाळ्यात रचून ठेवले.

मग रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह.

मी बाईंच्या टेबलापाशी उभीच राहिले. "मी एकही डोस चुकवलेला नाही."

"माहीत आहे. नसीमाने सांगितलं."

"मग माझं काय चुकलं?"

"काही नाही चुकलं. काहींचे जंतू हळू मरतात. सुरुवातीच्या गोळ्या एक महिना वाढवायच्या, मग परत तपासायचं. तोंडाचा रुमाल काढू नकोस. तुला बरं वाटतंय, ते खरं आहे. पण बरं वाटणं म्हणजे बरं होणं नाही."

मी सेंटरला आले ती रागाने फणफणत. बाजींनी माझं खोकं काढलं आणि त्यात आणखी एका महिन्याची पाकिटं ठेवली.

"ही कुठून आली?"

"आधीपासून असतात कपाटात. काहींना लागतात जास्ती. म्हणून सरकार पाठवून ठेवतं." मग माझं तोंड बघून म्हणाल्या, "काय गं पेपर, नापास झाल्यासारखं काय करतेस? तोंड उघड."

जो वेळेत बरा होत नाही, त्याचाही विचार कुणीतरी आधीच करून ठेवला होता. माझा राग तिथेच विझला. सात गोळ्या गिळून मी बाकावर बसले आणि बराच वेळ त्या कपाटाकडे बघत राहिले. देवळात, चर्चमध्ये माणसं वर बघतात, तशी.

पप्पांना सांगायला मात्र पाय जड झाले. ते मशीनपाशी शाई लावत होते.

"छापून झालंय, सुवार्ता."

"पप्पा, खोटं छापलंय."

"खोटं नाही. उद्याचं आज छापलंय. विश्वास म्हणजे तेच."

"उद्याची तारीख घालून आजचा पेपर काढतात का?"

पप्पांनी चिंधीला हात पुसले. ते रागावले नाहीत, ते घाबरले होते. मुलीचा रिपोर्ट पुन्हा पॉझिटिव्ह आला, हे त्यांना ऐकायचंच नव्हतं. ते पिवळे गठ्ठे त्यांची प्रार्थना होती, हे मला तेव्हा कळलं. त्यामुळे बोलणं आणखी कठीण झालं.

पास्टर प्रेमाने बोलले. "बेटी, देवाने काम सुरू केलंय ना? मग पूर्ण झालं असं म्हण. तोंडाने म्हटलंस की होईल. इतकी माणसं येणारेत. त्यांना अर्धी भाकर देऊ नकोस. आणि तो रुमाल त्या दिवशी काढ. रुमाल बांधून मुक्तीची साक्ष कशी देणार?"

"पास्टर, प्रभूने कुष्ठरोगी बरा केला, त्यालासुद्धा आधी मंदिरातल्या याजकाकडे जाऊन दाखव म्हणून सांगितलं. माझा याजक सूक्ष्मदर्शक घेऊन बसलाय. तो नाही म्हणतोय."

"तू शब्दात हुशार आहेस," पास्टर म्हणाले. "प्रार्थना कर, मग ठरव."

खरं सांगते, माझं ठरत नव्हतं. मला ती साक्ष द्यायची होती. इतक्या माणसांपुढे उभं राहायचं, पप्पांचा चेहरा फुलताना बघायचा, 'हालेलुया' ऐकायचं. खोटं केवढं होतं? एका शब्दाचं. 'पूर्ण'. बाकी सगळं खरं होतं. आणखी काही महिन्यांनी तोही शब्द खरा झाला असता. चोरी, दारू, तराजूखालचं चुंबक ही पापं मला ओळखता यायची. हे पाप उपासनेचे कपडे घालून आलं होतं, आणि देवाचंच नाव घेत होतं.

त्याच आठवड्यात मार्था मावशी घरी आली. मावशी मूळची अंबाडीकडची, आमच्या गल्लीमागे राहायची. लूमवर कांड्या भरायला जायची, म्हणजे विणायचं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायला. येताच खोकली. पदर तोंडाला लावून, वाकून.

"मावशी, हा खोकला कधीपासून?"

"लय दिस झाले. सून बोलते दवाखान्यात जा. मी बोलली, थांब जरा. सुवार्ता सभेत उभी राहनार हाय. तिची साक्ष झाली का मी पन पुढं जानार, डोक्यावर हात ठेवून घेनार. तू बरी झाली तशी मी पन होईन."

"मावशी, मी गोळ्या घेते."

तिने पदर खाली घेतला. "गोळ्या?"

"आठवड्यातून तीनदा. सात-सात."

"मना कोनी सांगलाच न्हाय," मावशी म्हणाली. "पास्टर बोलले, देवानं बरी केली."

"देवच करतोय. गोळ्यांनी करतोय. आणि अजून झालेली नाहीये."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग समजुतीने हसली, लहान मुलीकडे बघून हसावं तशी. "सभेत बघू," म्हणाली आणि खोकत जिना उतरून गेली. माझ्या शब्दावर तिचा विश्वास बसला नव्हता. घरातला शब्द वेगळा, साक्षीचा शब्द वेगळा. साक्षीत जे सांगितलं जाईल, तेच ती धरून चालणार होती.

त्या जिन्यावर मला कळलं, की त्या एका शब्दाखाली कुणाची छाती आहे.

शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. एरवी चोवीस तास भिंतीतून येणारी खटखट थांबते आणि आपल्याच कानात काहीतरी वाजतंय असं वाटतं. सकाळचा डोस घेऊन मी प्रेसच्या गाळ्यात पिवळ्या गठ्ठ्यांवर बसले. स्वतःचा श्वास ऐकू येत होता. आत, बाहेर. त्यात घरघर नव्हती.

मी प्रार्थना केली, पण आकाशातून अग्नी वगैरे काही उतरला नाही. सभेची भीती होती, ती तशीच होती. एवढंच जाणवलं, की हा श्वास मी मिळवलेला नाही. मला कुणी हिशोब न मागता तो परत दिलाय. ज्याने एवढं दिलं, त्याला माझ्या खोट्या शब्दाची मदत लागणार नाही. उद्या एक वाक्य बोलायची ताकद लागेल. ती उद्याच मिळेल, बुधवारी मिळते तशी. मी उठले आणि घरी जाऊन जेवले.

सभेत मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते, वारा येतो तिथे. हॉल भरला होता. गाणी झाली, टाळ्या झाल्या. माझं नाव पुकारलं. मी माइकपुढे जाऊन उभी राहिले. पास्टरांनी हळूच खूण केली: रुमाल. मी तो हाताने चाचपला आणि तसाच राहू दिला.

"मला टीबी आहे," मी म्हणाले. रुमालामुळे आवाज दबका आला. "होता असं म्हणायचं होतं, पण अजून आहे. याच आठवड्यातला रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. मी मरत होते, आता जिना चढते. हे देवाने केलंय. तो हे गोळ्यांनी करतोय. मी एकही चुकवली नाही, तरी मला उशीर लागतोय, आणि त्या उशिराच्या गोळ्यासुद्धा त्याने आधीच पाठवून ठेवल्या होत्या. एवढीच माझी साक्ष. ज्याला खोकला आहे त्याने माझ्याकडे बघून थांबू नये. सोमवारी माझ्याबरोबर यावं."

कुणी हालेलुया म्हटलं नाही. ते कुठे म्हणायचं, हेच कुणाला कळलं नसावं. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, आणि ते मला स्पष्ट ऐकू आलं, "एवढंच सांगायचं होतं तर वर कशाला चढली?"

मी पप्पांकडे बघितलं. त्यांच्या मांडीवर पत्रकांचा गठ्ठा होता. सुतळी सोडलेली नव्हती.

पास्टर पुढे आले. मला वाटलं, आता सारवासारव होणार. त्यांनी माइक घेतला. मग म्हणाले, "सुवार्तासाठी प्रार्थना करू." आणि थोडं थांबून, "तिच्या गोळ्यांसाठीसुद्धा." मी त्या माणसाला त्या एका वाक्यासाठी जन्मभर मान देईन.

घरी येताना रिक्षात पप्पांनी तो गठ्ठा मांडीवरच धरला होता. पुढच्या आठवड्यात एका सकाळी गाळ्यातून कटिंग मशीनचा आवाज आला. पप्पांनी पिवळे गठ्ठे कापले, कोऱ्या बाजू वर ठेवून त्यांचे कच्चे पॅड बांधले आणि किराणावाल्याला देऊन टाकले. पुढे कितीतरी दिवस तो आम्हाला साखरेचा भाव माझ्या मुक्तीच्या पाठीवर लिहून द्यायचा. एकदा पप्पांनी असा कागद उलटा करून माझा अर्धा चेहरा बघितला आणि हसले. सभेनंतरचं ते पहिलं हसू.

मंडळीतल्या काहींनी माझ्याशी बोलणं कमी केलं. आत काही पाप दडलं असेल म्हणून उशीर लागतोय, असंही कुणी म्हणालं. तुम्हालाही म्हणतील. आत पाप असतंच, माझ्या आत आहे, बोलणाऱ्याच्या आत आहे. जंतूंचा हिशोब वेगळा. पापाचं देवाला सांगा, जंतूंचं डॉक्टरला, आणि दोघांपुढे खरं बोला.

सोमवारी मी सेंटरच्या दाराशी पोचले तर पायरीवर मार्था मावशी बसली होती. सून बरोबर होती.

"किती वाट बघायची?" मावशी माझ्यावरच डाफरली. "बोललीस ना, सोमवारी ये?"

बाजी आतून ओरडल्या, "ए पेपर, आज पाहुने आनलेस काय?"

मावशी डबी घेऊन मागच्या भिंतीपाशी गेली. मी तिला शिकवलं, "लाजू नको, पोटातून." तिचा रिपोर्ट आला तेव्हा मी तिच्या बाजूला होते. पॉझिटिव्ह. बाजींनी कपाट उघडलं, नवं लाल खोकं काढलं आणि त्याच्यावर जाड पेनाने मावशीचं नाव लिहिलं.

मावशीने झाकण उघडून आत बघितलं. पाकिटांवरून बोट फिरवलं. "ही सगली माझी?" तिने विचारलं. "आजपासूनच?"

"सगळी," मी म्हणाले. मी माठातलं पाणी भरून तिच्या हातात दिलं.

त्या जादा महिन्यानंतर माझं स्पुटम निगेटिव्ह आलं. मग गोळ्या कमी झाल्या. आठवड्याचा पहिला डोस सेंटरवर, बाकीचे घरी, आणि रिकामं पाकीट बाजींना दाखवायचं. घरच्या गोळीला पहारा नसतो. तिथे तो समजूतदार आवाज पुन्हा आला, अनेकदा आला. मी पुन्हा वाद घातला नाही. फक्त पाण्याचा पेला भरला.

शेवटच्या तपासणीचा कागद बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता म्हण पूर्ण." मी त्यांना सभेचं कधीतरी सांगितलं होतं, त्यांच्या लक्षात राहिलं होतं. मी बाजींकडून माझं रिकामं खोकं मागून घेतलं. "याचं काय लोनचं घालनार?" त्या म्हणाल्या, पण दिलं. त्यात आता पप्पा जास्वंदी शाईच्या नळ्या ठेवतात. झाकणावर माझं नाव अजून वाचता येतं.

त्या रविवारी उपासनेत मी साक्ष द्यायची म्हणून तयार होऊन बसले होते. पास्टरांनी विचारलं, "कुणाची साक्ष आहे?" मी उठणार तेवढ्यात माझ्या पुढच्या रांगेतून मार्था मावशी उभी राहिली. अंग भरलं होतं, पदर खोचलेला होता.

"मी अजून बरी न्हाय," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "पाचवा महिना चालू हाय. पन माझ्या नावाच्या खोक्यात गोळ्या हायत, आनि मी उद्या जानार हाय. देवाची स्तुती असो."

मावशी खाली बसली. खालून लूमची खटखट येत होती.

मग मागच्या बाजूने एक आवाज आला, मोठा, थोडा फाटलेला. "हालेलुया!"

मी वळून बघितलं नाही. पप्पांचा आवाज मला ओळखू येतो. त्यांच्यामागून एक-एक करत सगळा हॉल म्हणाला, आणि मीही खोल श्वास घेतला आणि म्हणाले.